पायथन २ चं काम मिळतंय, जॉइन होऊ का?

तुझं पत्र वाचलं. शेवटचं वर्ष, हातात एकच ऑफर, आणि काम आहे पायथन २ ह्या प्रोग्रॅमिंग भाषेतला जुना कोड सांभाळायचं. मित्र म्हणतात भाषा मेलीये, गेलास की अडकलास, बाबा म्हणतात आलेली नोकरी सोडू नको. मी आधी स्वतः डेव्हलपर होतो, त्यामुळे त्याच बाजूने सांगतो.

भाषा जुनी असणं वेगळं आणि सपोर्ट संपणं वेगळं, ह्यात लोक जाम घोळ घालतात. कोबोल ही प्रोग्रॅमिंगचीच भाषा १९५९ पासूनची, पण तिचं स्टँडर्ड, म्हणजे अधिकृत नियम, २०२३ मध्ये नव्याने आलंय. पायथन २ आली २००० साली, म्हणजे कोबोलपुढे अगदीच पोरगी, पण १ जानेवारी २०२० ला तिचा सपोर्ट संपला आणि त्याच एप्रिलमध्ये आलेली २.७.१८ ही तिची शेवटची आवृत्ती. आता त्यात सिक्युरिटीची अडचण सापडली तरी मूळ टीम पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढणार नाही. माझ्या मते बंद केली ते योग्यच केलं, उलट उशीरच झाला. तिची पुढची आवृत्ती पायथन ३ तर २००८ मध्येच आली होती, पायथन २ बंद करायची आधी २०१५ ची मुदत होती ती २०२० केली, आणि बऱ्याच कंपन्या तरी शेवटपर्यंत ढिम्म, तोवर भाषा सांभाळणारे बिचारे व्हॉलंटियर दोन्ही आवृत्त्यांचे बग निस्तरत बसले.

आता तुझं. तिथे नुसते बग फिक्स करायचे असतील तर माझ्या मते जाऊ नको, कारण दोन वर्षांनी इंटरव्ह्यूत सांगायला काही उरत नाही. पण कोड पायथन ३ वर न्यायचा असेल तर डोळे झाकून जा! प्रिंट ह्या कमांडला कंस नसला की पायथन ३ लगेच एरर देते, ते सोपंय. पण ७ भागिले २ जुन्या पायथनमध्ये ३ यायचे, नव्यात ३.५ येतात, एरर वगैरे काही नाही, हिशोब गुपचूप बदलतो, आणि टेक्स्ट (अक्षरं) आणि बाइट्स (कच्चा डेटा) ह्यांचा गोंधळ तर ह्याहून वाईट. हे पकडायला टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड, लिहाव्या लागतात, दुसऱ्याचा कोड वाचावा लागतो, आणि ते फ्रेशरला सहसा कोणी शिकवत नाही. हे एकदा जमलं की पुढे कुठल्याही भाषेत कामी येतं.

म्हणून सही करायच्या आधी कंपनीला स्पष्ट विचार की मायग्रेशन, म्हणजे कोड पायथन ३ वर न्यायचं काम, कधी सुरू होणार, त्यावर किती माणसं आहेत, कोडला टेस्ट आहेत का. एचआरला बहुतेक माहीत नसेल, टीम लीडशी बोलायचंय म्हणून सांग. "पुढे बघू" असं उत्तर आलं तर दुसरीकडे अप्लाय करत राहा, आणि पैशांसाठी घ्यावीच लागली तर घे, पण पहिल्या दिवसापासून स्वतःचा सराव पायथन ३ मध्येच ठेव. बाबांनाही हे पत्र दाखव, त्यांचं अगदीच चुकत नाहीये.