गोगलगायीचं झाकण आणि माशाचं झाकण

प्रश्न : मे महिन्यात हिप्परगा तलावाच्या वाळलेल्या काठावर मुलाला रुपयाएवढी एक टणक चकती सापडली, वर वर्तुळं-वर्तुळं. कोणी म्हणालं गोगलगायीचं झाकण आहे. पण आमच्या बागेतल्या गोगलगायींना तर असलं काही दिसत नाही? आणि मासेवाला कल्ल्यावरचं जे उचलून दाखवतो ते पण हेच का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : झाकणच आहे ते. तळ्यातली गोगलगाय चालत असते तेव्हा ते तिच्या पायावर मागच्या बाजूला चिकटलेलं असतं, आणि कोणी डिवचलं की ती आधी डोकं आत घेते, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी हे दार लागतं. वर्तुळं म्हणजे वाढीच्या खुणा, शंख वाढतो तसं झाकणही वाढतं. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नकोच, तळं आटलं की ही बाई चिखलात शिरून दार लावून पडून राहते, महिने-महिने, ओल आत कोंडून, ते थेट पावसापर्यंत.

बागेतल्या शंखी गोगलगायीला (तीच ती, सोयाबीन फस्त करणारी) झाकण नसतंच. ती मूळची आफ्रिकेतली, जमिनीवरची. कोरड्या दिवसात ती तोंडावर चिकट द्रवाचा पापुद्रा धरते, तो वाळून कडक होतो आणि पाऊस आला की टाकून देते. म्हणजे एकीचं पक्कं दार, दुसरीचा नुसता तात्पुरता पडदा.

माशाचं प्रकरण वेगळं. पुस्तकात दोन्हीला प्रच्छद म्हणतात खरं पण नातं काही नाही. माशाचं झाकण हाडांचं, चार हाडं असतात त्यात, आणि ते बंद करून बसायला नसतं, ते सारखं हलतं. तोंड उघडलं की हे मिटतं, पाणी आत येतं, मग तोंड मिटतं आणि हे उघडतं, पाणी कल्ल्यांवरून बाहेर. लोहाराचा भाताच म्हणा ना. मासेवाला दाखवतो ते खालचे लाल कल्ले, झाकण नुसतं उचलायला.

झाडांमध्ये पण आहे बरं का हे. नीलगिरीची कळी बघा, तिच्यावर छोटी टोपी असते, ती गळून पडते आणि मग तुऱ्यासारखे पुंकेसर बाहेर येतात, पाकळ्या शोधू नका, टोपीतच गेल्या त्या. यूकॅलिप्टस हे नाव पण त्यावरूनच, ग्रीकमध्ये ‘नीट झाकलेलं’, 1788 साली एका फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञानं दिलेलं. पण मला विचाराल तर आपली घोळाची भाजी जास्त भारी. तिचं फळ पिकलं की मधोमध आडवं फाटतं आणि वरचा अर्धा भाग कुंकवाच्या करंड्याच्या झाकणासारखा अलगद निघतो, आत बारीक काळं बी. निवडताना आपण बघतच नाही.

आता तुमच्या चकतीचं. जिवंत गोगलगाय झाकण सोडत नाही, म्हणजे मालकीण गेली. शेजारी अख्खा रिकामा शंख होता का? असेल तर कदाचित घोंगल्या फोडा येऊन गेला असेल, तो चोचीत फट असलेला करकोचा. नाव फोडा, पण बऱ्याचदा तो शंख फोडत नाही, चोचीचं टोक आत घालून स्नायू कापतो आणि गोगलगाय ओढून काढतो.