रानातले साप, सरडे, बेडूक शोधताना त्यांच्या अधिवासाला धक्का लागू नये म्हणून काय करावे?

शक्यतो दगड उलटूच नका. दगडाखालची ओल आणि गारवा जमायला बराच काळ जातो. दगड नीट बसला नाही तर फट राहते, माती सुकते आणि तो निवारा निकामी होतो. उचललाच, तर पलीकडची कड धरायला हात नको, लांब दांड्याची आकडीच (हुक) वापरा. दगड आपल्याकडे कलवा, म्हणजे प्राण्याला पलीकडे, आपल्यापासून दूर पळायला वाट मिळते. प्राणी बाजूला झाल्यावरच दगड होता तसा ठेवा, कडेने तो आपणहून आत शिरेल. कुजक्या ओंडक्यांची साल मात्र कधीच सोलू नका, ती परत चिकटत नाही.

खरं तर रात्री टॉर्च घेऊन सावकाश चाललात तर काही न हलवताही पुष्कळ दिसतं.

बेडकांना हात लावू नका. ते त्वचेतूनही श्वास घेतात, त्यामुळे हातावरचं डास पळवणारं मलम त्यांना घातक ठरू शकतं. कायट्रिड बुरशीने जगभर बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत आणि ती चिखलाच्या बुटांवरूनही पसरते. म्हणून एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे जाण्याआधी बूट घासून, निर्जंतुक करून पूर्ण वाळवा.

फोटो टाकताना नेमकं ठिकाण लिहू नका, तस्कर तेच शोधत असतात.