चार आठवड्यांचा हवामान अंदाज आणि भादव्यातली कामे : वाचकांचे प्रश्न

नारळी पौर्णिमा झाली की कोकणातून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पाऊस कधी येणार हे विचारणे थांबते आणि तो कधी उघडणार, किती दिवस उघडणार, हे विचारणे सुरू होते. या वेळी हवामान विभागाच्या लांब पल्ल्याच्या अंदाजाबद्दलची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : चार आठवड्यांचा अंदाज नेमका कधी येतो आणि त्यातल्या नकाशांवर किती विसंबायचं? मागे हिरवा रंग पाहून निर्धास्त राहिलो आणि पुढच्याच आठवड्यात नकाशा लाल झाला. — बागायतदार, राजापूर

भारतीय हवामान विभाग हा अंदाज दर गुरुवारी देतो. त्यात शुक्रवार ते गुरुवार असे सलग चार आठवडे असतात. देशाचे 36 हवामान उपविभाग आहेत आणि 'कोकण व गोवा' हा त्यांतला एक. म्हणजे डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या सगळ्या किनाऱ्याला नकाशात एकच रंग मिळतो. आंबोलीत वर्षाला 700 सेंमीच्या आसपास पाऊस पडतो आणि खाली किनाऱ्यावर त्याच्या निम्माही नाही. तरी तुमचा सडा (कातळाचे पठार), शेजारचा घाट आणि समुद्र हे सारे त्या एका रंगात येतात.

रंगांचा अर्थ सरासरीशी तुलना करून लावायचा असतो. सरासरीच्या 19 टक्के वरखाली म्हणजे सामान्य (हिरवा). 20 ते 59 टक्के जास्त असेल तर 'जास्त', 60 किंवा त्याहून अधिक असेल तर 'खूप जास्त'. त्याचप्रमाणे 20 ते 59 टक्के तूट 'कमी' (लाल) आणि 60 ते 99 टक्के तूट 'खूप कमी'.

भादव्यात सर्वांत जास्त फसगत होते ती इथे. कोकणात जुलैची सरासरी हजार मिमीच्या घरात असते, सप्टेंबरची साधारण तिच्या एक तृतीयांश, आणि ऑक्टोबर तर त्याहून खूपच खाली. समजा एखाद्या आठवड्याची सरासरी 250 मिमी आहे. तिथे 40 टक्के तूट पडली तरी 150 मिमी पाऊस होतो, म्हणजे खाचरे भरलेलीच राहतात. पण सरासरीच 30 मिमी असेल तर 'खूप जास्त' याचा अर्थ 50 मिमीसुद्धा होऊ शकतो, आणि तेवढा पाऊस एका संध्याकाळी पडून जातो. म्हणून टक्केवारीच्या शेजारचा मिमीचा नकाशा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. तो पाहताना आकडा दिवसाचा आहे की आठवड्याचा, हेही तपासा. त्यात गल्लत झाली तर हिशेब सातपटींनी चुकतो.

आता भरवशाबद्दल. पहिल्या आठवड्याचा अंदाज चांगला असतो, दुसऱ्याचा उपयोगी. तिसऱ्या आठवड्यातून फक्त कल घ्यावा, आणि चौथ्याच्या बळावर पैसा खर्च करू नये. आजच्या वाऱ्याच्या, दाबाच्या नोंदींतली बारीकशी चूकही अंदाजाच्या गणितात रोज वाढत जाते. साधारण दहा दिवसांनंतर 'अमुक दिवशी पाऊस' असे सांगण्यात अर्थ उरत नाही. त्यापुढे जी काही माहिती मिळते ती सावकाश सरकणाऱ्या गोष्टींमुळे. त्यांतली मोठी म्हणजे मॅडन-ज्युलियन दोलन. विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारा हा ढगांचा विशाल पट्टा 30 ते 60 दिवसांत पृथ्वीला फेरी घालतो. तो हिंदी महासागरावरून पूर्वेला जात असताना मोसमी पावसाला जोर येण्याची शक्यता वाढते आणि प्रशांत महासागरावर गेला की खंड पडण्याची. पण कोकणातला धुवाधार पाऊस बऱ्याचदा किनाऱ्याला समांतर असलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे पडतो, आणि त्याचा जोर तीन-चार दिवस आधीच नीट कळतो. महिनाभर आधी तो कोणत्याही नकाशात दिसणार नाही.

एक सवय मात्र लावून घ्या. कॅलेंडरवरचा कोणताही एक आठवडा अंदाजात चार वेळा येतो : आधी चौथा म्हणून, मग तिसरा, दुसरा आणि शेवटी पहिला. दर गुरुवारी त्या आठवड्याचा रंग वहीत टिपून ठेवा. लागोपाठ तीन गुरुवार तो एकाच बाजूला राहिला तर त्यावर काम आखायला हरकत नाही. रंग उलटसुलट होत असेल तर गणितालाच अजून दिशा सापडलेली नाही असे समजा आणि सरासरी धरून चाला. एकाच गुरुवारच्या हिरव्या रंगावरून निर्धास्त होणे बरोबर नव्हे.

प्रश्न : "सप्टेंबरमध्ये सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता 45 टक्के" असं वाचलं. मग उरलेल्या 55 टक्क्यांत पाऊस कमी पडणार का? — शिक्षक, मंडणगड

नाही. महिन्याच्या अंदाजात तीन कप्पे असतात : सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि सरासरीपेक्षा जास्त. कोणतीच माहिती हाताशी नसेल तर प्रत्येकाला सुमारे 33 टक्के वाटा मिळतो. जास्तीच्या कप्प्याला 45 मिळाले म्हणजे पारडे त्या बाजूला किंचित झुकले, एवढेच. उरलेले 55 टक्के दुसऱ्या दोन कप्प्यांत वाटले जातात, त्यामुळे कमी पावसाची शक्यता 20-25 टक्के तरी राहतेच.

बातम्यांत आणखी एक घोटाळा होतो. ऑगस्टच्या अखेरीस सप्टेंबरचा जो अंदाज जाहीर होतो, त्यातला मथळ्याचा आकडा सगळ्या देशासाठी असतो. 1971 ते 2020 या काळावरून सप्टेंबरची देशाची सरासरी 167.9 मिमी धरतात. तो आकडा कोकणाला लावू नका. सोबतच्या नकाशात आपल्या पट्टीचा रंग शोधा. आणि महिना जास्त पावसाचा ठरला तरी त्यातला बराचसा पाऊस चार दिवसांत पडून बाकीचे दिवस कोरडे जाऊ शकतात.

प्रश्न : वरच्या खाचरांत हळवा (लवकर पिकणारा) कर्जत-184 भात आहे, खालच्या मळ्यात जया. हळवा तयार होतो तेव्हाच हस्त लागतो. अंदाजात आठवडा कमी पावसाचा दाखवतात आणि दुपारी नेमका गडगडून येतो, कापलेलं भात भिजतं. मग अंदाज बघायचा कशाला? — भातशेतकरी, लांजा

अंदाज आणि तुमचा अनुभव, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. हस्त नक्षत्र साधारण 27 सप्टेंबरला लागते आणि 10 ऑक्टोबरच्या सुमारास संपते. मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून माघार घेऊ लागण्याची सरासरी तारीख 17 सप्टेंबर, मुंबईतून 8 ऑक्टोबर, आणि दक्षिण कोकण त्यानंतर. म्हणजे हस्त येतो तो नेमका या मधल्या काळात. समुद्राकडून येणारा वारा मंदावलेला असतो, सकाळ स्वच्छ असते, जमीन ओली असते आणि ऊन कडक. दुपारी सह्याद्रीवर ढग उभे राहतात आणि वरचा वारा पूर्वेकडून असला की ते खाली कोकणात उतरतात. लांज्यात तासाभरात 40 मिमी पडतो आणि दोन गावे सोडून जमीन कोरडी असते. उपविभागाची आठवड्याची सरासरी काढली की हा पाऊस तिच्यात दिसेनासा होतो. 'कमी पाऊस' या शब्दांत दुपारची वीज-गडगडाट नाही असे वचन कुठेही नसते.

म्हणून कोणत्या अंदाजावर कोणते काम ठरवायचे, हे वेगळे करून घ्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या अंदाजावरून फक्त क्रम आणि माणसे ठरवा : कोणते खाचर आधी, मळणी यंत्र कोणाकडून, ताडपत्र्या पुरतात का. यांत पैसा अडकत नाही, आणि बेत बदलला तरी नुकसान नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या अंदाजावरून पाणी काढायचे ठरवा. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातले पाणी सोडून द्यायचे असते. तो आठवडा 'जास्त' किंवा 'खूप जास्त' दिसत असेल तर बांधाची वाट एरवीपेक्षा खोल करा आणि वरच्या खाचराचे पाणी खालच्या उभ्या पिकात न सोडता बाजूच्या पऱ्ह्याला (ओहोळाला) काढा. चिखल राहिला आणि वारा आला की भात आडवे पडते. लोंबी ओल्या जमिनीला टेकली की दाणा तिथेच मोड धरतो. ज्या जातींच्या दाण्याला सुप्तावस्था (पिकल्यावर लगेच न रुजण्याचा काळ) कमी, तिथे हे तीन-चार दिवसांतच होते.

कापणीचा दिवस मात्र पाच दिवसांच्या जिल्हा अंदाजावरूनच ठरवा. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. रत्नागिरी जिल्ह्यासाठी तो दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून येतो आणि 'मेघदूत' ॲपवरही मिळतो. त्यातली भाषा जपून वाचा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे एक चतुर्थांशापर्यंत ठिकाणी पाऊस, 'बहुतेक ठिकाणी' म्हणजे तीन चतुर्थांशापेक्षा जास्त ठिकाणी. हस्तात 'तुरळक ठिकाणी गडगडाटासह' असे सलग तीन दिवस दिसले तरी कापणी थांबवू नका. कामाची वेळ बदला. दव सुकल्यावर नऊ-साडेनऊला विळा लावा, दोन वाजेपर्यंत उचलता येईल तेवढेच कापा आणि त्याच दिवशी झोडून घ्या. 'बहुतेक ठिकाणी' असेल तर मात्र थांबा. उभे भात दोन दिवस भिजले तरी वाळते, कापून पसरलेले भिजले की काळे पडते.

लोंबीतले 90 टक्के दाणे पिवळे झाले की पीक तयार. शेवटचा हिरवा दाणा पिकायची वाट पाहिली तर दाणे झडू लागतात. कापताना दाण्यात 20 टक्क्यांच्या आसपास ओल असते, साठवायला ती 14 च्या खाली हवी. मधले अंतर उन्हात काढायचे असते आणि हस्तात ऊन सकाळीच असते. दाणे चार-पाच सेंमीपेक्षा जाड थरात पसरू नका, तासातासाला हलवा. ओले भात पोत्यात भरून 'उद्या वाळवू' म्हणून ठेवू नका, रात्रीत ते आतून तापते आणि तांदूळ पिवळा निघतो. दाताखाली कट्‌कन तुटला तर वाळला, दबला तर नाही. झोडणी त्याच दिवशी होत नसेल तर उंचवट्यावर पेंढ्यांची उडवी (रास) रचा. लोंब्या आत, बुडखे बाहेर. वरून झाकण घाला, पण ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळू नका, वाफ बाहेर पडली पाहिजे.

पहिला गडगडाट ऐकू आला की मळा सोडायचा. ढग डोक्यावर यायच्या आधीही वीज पडते. विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे, ते घरातल्या एकाच्या तरी फोनवर असू द्या.

जयाला जास्त दिवस लागतात, त्याची कापणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर जाते. तिथे दुपारच्या गडगडाटापेक्षा अरबी समुद्रातल्या वादळाकडे लक्ष हवे. 2019 च्या ऑक्टोबरअखेर 'क्यार' वादळ किनाऱ्याला लागलेसुद्धा नाही, ते पश्चिमेला निघून गेले, तरी त्याच्या पावसाने रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कापणीला आलेले भात गेले.

प्रश्न : सुपारीला बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) दुसरी फवारणी करायची आहे. पावसाची उघडीप कशी ओळखू? — बागायतदार, श्रीवर्धन

पहिल्या फवारणीनंतर 40 ते 45 दिवसांनी दुसरी, हा कोळेरोगासाठीचा (सुपारीच्या फळांवरच्या बुरशीसाठीचा) नेम. म्हणजे तुमच्या हातात आठवडाभराची लवचीकता आहे. चार आठवड्यांच्या अंदाजात त्या सुमारास तुटीचा आठवडा दिसला तर फवारणी त्यात बसवा. जास्त पावसाचा दिसला तर 45 ची वाट न पाहता 38-40 व्या दिवशी मिळेल ती उघडीप धरा. अंदाजावर विसंबून फवारणी पुढे ढकलणे या रोगात महाग पडते, कारण बुरशी वाढते तीच सततच्या ओलीत. फवारलेले औषध बसायला निदान काही तास कोरडे हवेत.

1 टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि एकूण 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत विरघळवा आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळा. चकचकीत सुरी किंवा खिळा मिश्रणात बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला, नाहीतर कोवळी फळे करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. फवारा घोसावर पडला पाहिजे, झावळ्यांवर नव्हे.

प्रश्न : दहा-बारा दिवसांची मासेमारीची फेरी आखताना हा अंदाज चालेल का? — नौकामालक, हर्णै

फेरी आखायला चालेल. निघायला चालणार नाही. गुरुवारी पावसाच्या अंदाजाबरोबर आणखी एक पत्रक निघते : पुढच्या दोन आठवड्यांत बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होण्याची शक्यता किती, याचे. सप्टेंबरअखेरपासून ते चुकवू नका. त्यात अरबी समुद्रासाठी मध्यम किंवा उच्च शक्यता दिसली तर लांबची फेरी आखू नका. दोन दिवसांत देवगडसारख्या आडोशाच्या बंदरात शिरता येईल एवढ्याच अंतरावर राहा. नोव्हेंबर 2009 मध्ये 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, तेव्हा मोसमी पाऊस कधीच परतला होता. पाऊस संपला म्हणजे समुद्र निवला, असे धरून चालू नका.

निघायच्या दिवशी मच्छीमारांसाठीचा रोजचा इशारा पाहा आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज पाहा. ताशी 45 ते 55 किमी वारा आणि 65 पर्यंत झोत असे शब्द इशाऱ्यात असले की बोट बंदरातच ठेवा, पावसाचा नकाशा कितीही कोरडा असो.

प्रश्न : तापमानाच्या नकाशात ऑक्टोबरचा आमचा किनारा 'सामान्य' दिसतो, पण उकाडा सोसवत नाही. असं का? — अलिबाग

नकाशात कमाल आणि किमान तापमानाची आठवड्याची सरासरी असते. दमटपणा त्यात नसतो. किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान किमान 37 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त लागते. 34 अंशांना आणि चिकट हवेला ती लागू होत नाही, पण अंगाची काहिली होतेच. या दिवसांत जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोर धरतो आणि खारे वारे सुटायला उशीर होतो. एरवी अकरा-बाराला मिळणारा गारवा दोनला आला तर तेवढ्या वेळात पारा दोन-तीन अंश चढतो.

तुम्ही किमान तापमानाचा नकाशा पाहा. तो सरासरीपेक्षा वर असेल तर रात्रीही हवा निवणार नाही. कोंबड्यांचे शेड असेल तर बाजूचे पडदे रात्री पूर्ण उघडे ठेवा, पाणी संध्याकाळी बदला आणि खाद्य पहाटे द्या.