वायपरच्या रंग उडालेल्या वायरी

प्रश्न : आमच्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची दोन वेगांची लुकास कंपनीची वायपर मोटर परत जोडायची आहे, परंतु वायरींचे रंग ओळखू येत नाहीत.

उत्तर : वेष्टणाची टेप थोडी सोडवून पाहावी, कारण उजेड न पोहोचलेल्या भागात मूळ रंग बहुधा शाबूत असतो. हिरवी वायर इग्निशननंतरच्या पुरवठ्याची, काळी अर्थिंगची. फिकट हिरव्या पट्ट्याच्या वायरींपैकी लाल मंद वेगाची, निळी जलद वेगाची आणि तपकिरी पाती जागेवर थांबवणारी. तरीही शंका राहिल्यास बॅटरी सोडवून, वायपरचा स्विच बंद ठेवून मल्टिमीटरने सलगता (कोणत्या वायरी आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत ते) तपासावी. ज्या दोन वायरी आपसांत जोडलेल्या आढळतील त्या लाल व तपकिरी होत. बॅटरी पुन्हा जोडून, इग्निशन चालू करून वायपरचा स्विच मंद वेगावर ठेवल्यावर त्यांपैकी जिच्यात १२ व्होल्ट येतील, ती लाल. केवळ अंदाजाने जोडणी करू नये. फ्यूज स्वस्त असला, तरी जळालेली मोटर स्वस्त नसते.