भारतातल्या वाफेच्या इंजिनांना नावं असायची का? तुमचं आवडतं नाव कोणतं?

प्रश्नात तुम्ही इंग्लंडच्या मॅलर्ड आणि फ्लाइंग स्कॉट्समन या इंजिनांची नावं घेतलीत आणि विचारलंत, की आपल्याकडे वाफेवर काम केलेलं कोणी उरलंय का. उरलोय. १९७९ साली मध्य रेल्वेत खलाशी, म्हणजे शेडातला मदतनीस म्हणून चिकटलो, मग भट्टी सांभाळणारा दुसरा फायरमन, मग पहिला. नंतर डिझेल आलं आणि डिझेलवरच निवृत्त झालो.

नावं तर पहिल्या गाडीपासून आहेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डबे निघाले, ते ओढायला तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. त्याच्याही आधी लाइनीच्या कामावर जे इंजिन होतं त्याला मुंबईच्या गव्हर्नरचं नाव, लॉर्ड फॉकलंड. फेअरी क्वीन १८५५ ची. इंजिन देखणं आहे यात वाद नाही, पण नाव मला बिस्किटाच्या पुड्यावरचं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० साली पहिलं डब्ल्यूजी, म्हणजे ब्रॉडगेजचं मालगाडीचं इंजिन तयार झालं, त्याला चित्तरंजन दासांवरून 'देशबंधू' म्हटलं. जून १९७० मध्ये ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडलं, ते 'अंतिम सितारा'. सरकारी नावांत मला हे सगळ्यात आवडतं, सिनेमाच्या पोस्टरवरही शोभलं असतं. पण या दोघांच्या मधल्या शेकडो इंजिनांना कोणी नाव विचारलं नाही. त्यांना आकडे. आम्ही चालवली ती ही मधली.

(विदर्भातली शकुंतला कोणी सांगेल म्हणून आधीच लिहितो: ते गाडीचं नाव, इंजिनाचं नव्हे.)

माझं आवडतं नाव कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. मनमाड-दौंड लाइनीवर मालगाडीला आमच्याकडे एक डब्ल्यूजी यायचं. नंबराचे शेवटचे दोन आकडे पंच्याऐंशी, म्हणून ड्यूटीच्या बोर्डावर 'पंच्याऐंशी'. तोंडी मात्र सगळे 'रडकी' म्हणायचे, कारण तिचा डावा इंजेक्टर, म्हणजे बॉयलरला पाणी देणारं यंत्र, कधी धड लागायचाच नाही. बॉयलरमध्ये पाणी ढकलायचं सोडून ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली सांडत राहायचा. स्टेशनात उभी राहिली की खाली डबकं. गेज ग्लासमधलं, म्हणजे बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी खाली सरकायला लागलं की पोटात गोळा यायचा, कारण फायरबॉक्सचं, म्हणजे भट्टीचं छप्पर पाण्याबाहेर उघडं पडलं तर बॉयलर फुटतो आणि पुढचं सांगायला कोणी शिल्लक राहत नाही. मग उजव्या इंजेक्टरला हात जोडायचे.

पण वाफ धरायला रडकीसारखी दुसरी नाही. डब्ल्यूजीची, कोळसा जिच्यावर जळतो ती जाळी पंचेचाळीस चौरस फुटांची, म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढी. तेवढ्या जागेत फावड्याने कोळसा पसरायचा. मागचे दोन कोपरे भरलेले हवेत, पुढे थर पातळ हवा. आमचे ड्रायव्हरकाका आगीत बघायचेच नाहीत, चिमणीकडे बघायचे. काळा धूर निघाला की ओरडायचे, "सरकारचा कोळसा आभाळात चाललाय!" धूर फिकट राखाडी असला तर गप्प. त्यांचं गप्प बसणं हीच शाबासकी.

एकदा एका शेडातून नुसता दगडमातीचा कोळसा भरून मिळाला. कोपरगाव सोडेपर्यंत जाळीवर खंगर, म्हणजे वितळलेल्या राखेचा घट्ट थर धरलं, खालून हवा येईना. अंकाईच्या चढावर साखरेच्या वाघिणी मागे घेऊन वाफेच्या दाबाचा काटा उतरत उतरत गेला आणि गाडी उभी. लांब सळईने खंगर फोडत, भट्टीसमोर अंग भाजून घेत चाळीस मिनिटं काढली. त्या दिवशी सगळ्यांची बोलणी रडकीने खाल्ली, चूक तिची नसताना. कोळसा देणाऱ्याला कोणी हाक मारून विचारलं नाही.

खंडेनवमीला शेडात इंजिनांची पूजा असायची. बफरला हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. एका वर्षी मी खडूने इंजिनाच्या तोंडावरच्या स्मोकबॉक्सच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'रडकी' लिहिलं. काका आले, बघितलं, डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ते स्वतः पुसलं आणि म्हणाले, "सणाच्या दिवशी असलं लिहितोस होय रे?" मग माझ्याच हातातला खडू घेऊन लिहिलं 'लक्ष्मी'. त्याच रात्री तिला घेऊन गेलो. येवल्यापर्यंत लक्ष्मी शहाण्यासारखी वागली, पुढे डाव्या इंजेक्टरने मूळ स्वभाव दाखवला. सकाळी बघतो तर काजळीखाली अक्षरं गेलेली.

आता हरियाणातल्या रेवाडीच्या शेडात जपलेल्या इंजिनांना अकबर, आझाद अशी नावं आहेत. तिथलंच शेर-ए-पंजाब ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर धावलं, ती ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नेहमीची गाडी. रडकी त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली. गॅस कटर लागला तेव्हा मी ड्यूटीवर होतो, बघायला गेलो नाही.

भुसावळ किंवा मिरज शेडाचं कोणी वाचत असेल तर तुमच्या इंजिनांना तुम्ही काय म्हणायचात ते खाली लिहा. शिवी असली तरी चालेल, अर्धी नावं तशीच असायची.