टॅरेंटुला नेब्युला (अवकाशातला वायू-धुळीचा ढग) आपल्यापासून इतका दूर असून दुर्बिणीत एवढा ठळक कसा दिसतो?

कारण तो मुळातच अवाढव्य आहे! लार्ज मॅजेलनिक क्लाउड ही आपल्या शेजारची बटू दीर्घिका, आपल्यापासून साधारण १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं दूर, आणि त्यातला हा नेब्युला उचलून मृगातल्या, आपल्या बऱ्याच जवळच्या ओरायन नेब्युलाच्या जागी ठेवला ना तर रात्री त्याच्या उजेडात सावल्या पडतील. एवढा उजेड येतो कुठून, तर मधोमध आर१३६ नावाचा ताऱ्यांचा गुच्छ आहे, वय जेमतेम १०-२० लाख वर्षं म्हणजे अगदी शेंबडी पोरं, पण त्यातले काही तारे सूर्याच्या शंभरपटीहून जड, त्यांच्या अल्ट्राव्हायोलेटने आजूबाजूचा हायड्रोजन लालभडक चमकतो (जळत वगैरे नाही हां, फक्त आयनाइझ होतो, म्हणजे अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात). १९८७ चा फेमस सुपरनोव्हापण (ताऱ्याचा महास्फोट) याच्याच कडेला फुटलेला. बघायचाय तर दक्षिण गोलार्ध गाठा, उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी तो क्षितिजावर येतच नाही.