‘मंडळी विश्वासात स्थिर राहिली’ हे वाक्य दुरुस्त करावं का?

प्रश्न असा आहे : मुंबईतल्या पंचवीसेक कुटुंबांच्या एका मराठी प्रोटेस्टंट चर्चची स्मरणिका छापायची आहे. त्यात ‘पाळक नव्हते त्या काळातही मंडळी विश्वासात स्थिर राहिली’ असं वाक्य आहे (पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू). मुद्रितशोधकाने ते ‘चर्चमधील मंडळींची श्रद्धा अढळ राहिली’ असं केलं. कोणतं ठेवावं?

मूळचंच ठेवा. दुरुस्तीत व्याकरणाची चूक नाही, पण त्या वाक्याचा कणा असलेले तिन्ही शब्द बदलले आणि तिन्ही ठिकाणी अर्थ सरकला.

आधी ‘मंडळी’. रोजच्या बोलण्यात ‘पाहुणेमंडळी’, ‘चला मंडळी’ म्हणजे जमलेली माणसं. म्हणून प्रत्यय लागताना ‘मंडळींनी’, ‘मंडळींना’ होतं. (नवरे लोक ‘आमची मंडळी’ म्हणतात ती वेगळी.) प्रोटेस्टंट ख्रिस्ती मराठीत मात्र मंडळी ही एक अखंड वस्तू आहे : स्त्रीलिंगी, एकवचनी आणि मोजता येणारी. मंडळी, मंडळीने, मंडळीला, मंडळीत. अनेकवचन मंडळ्या, मंडळ्यांना. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आशियातल्या ‘सात मंडळ्या’ येतात त्या अशाच. हा वापर परका वाटायचं कारण नाही. १८८० साली उभी राहिलेली ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ही एकवचनीच होती. बाकी मराठीत हा अर्थ मागे पडला, ख्रिस्ती मराठीने तो वापरात ठेवला.

एका अनुस्वाराने किती फरक पडतो ते पाहा. ‘मंडळीने पाळकांना निरोप दिला’ म्हणजे चर्च म्हणून, ठरवून दिला. ‘मंडळींनी निरोप दिला’ म्हणजे त्या दिवशी जे हजर होते त्यांनी. स्मरणिकेत, ठरावात, इतिवृत्तात ही गल्लत चालणार नाही. शिवाय ‘चर्चमधील’ जोडल्यावर चर्च ही इमारत झाली आणि मंडळी तिच्यात बसलेली माणसं. मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ हा जमावाचा, सभेचा आहे, भिंतींचा नाही. शंका आली तर सोपी कसोटी लावा : रंग चर्चला लागतो, वर्गणी मंडळी काढते. आणि मंडळी व्हायला पंचवीस कुटुंबंही लागत नाहीत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात ‘दोघे किंवा तिघे’ पुरतात.

आता खरा गाभा : ‘विश्वास’ की ‘श्रद्धा’? वसईकडच्या किंवा मुंबईतल्या कॅथलिक मराठीत ‘श्रद्धा’, ‘ख्रिस्तसभा’ (म्हणजे चर्च), ‘धर्मग्राम’ (म्हणजे पॅरिश, एका चर्चचा परिसर) हे शब्द रुळलेले आहेत. स्मरणिका त्या परंपरेतली असती तर ‘श्रद्धा’ बिनचूक ठरला असता. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘विश्वास’ चालतो, आणि त्याची तीन कामं वेगवेगळी आहेत. ‘ख्रिस्तावर विश्वास ठेवणे’ ही कृती. ‘विश्वास असणे’ ही मनाची स्थिती. आणि ‘विश्वासात’ हे जवळजवळ ठिकाणच : माणूस विश्वासात येतो, विश्वासात वाढतो, विश्वासात स्थिर राहतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात ‘विश्वासात स्थिर राहा’ अशीच आज्ञा आहे. दुरुस्त वाक्यात श्रद्धा कर्ता झाली, म्हणजे अढळ राहिली ती श्रद्धा. मूळ वाक्यात पाय रोवून उभी आहे ती मंडळी. पाळक नसताना उपासना चालवणं, आजाऱ्यांकडे जाणं, मुलांची संडेस्कूल बंद पडू न देणं हे सगळं त्या ‘राहिली’मध्ये आहे.

इथे एक खड्डा आहे. ‘विश्वासात घेणे’ हा सर्वसामान्य वाक्प्रचार. ‘कमिटीने सभासदांना विश्वासात घेतले’ म्हणजे आधी कल्पना दिली, धर्मात आणलं असं नव्हे. दोन्ही प्रयोग एकाच परिच्छेदात आले की वाचक हमखास अडखळतो. तिथे ‘सभासदांना आधी सांगितले’ असं सरळ लिहावं.

‘विश्वासू’बद्दलही सांभाळा. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकता येतो तो; जो विश्वास ठेवतो तो ‘विश्वासणारा’. काही नव्या संगतींमध्ये, म्हणजे प्रार्थनेसाठी जमणाऱ्या गटांमध्ये, ‘विश्वासी’ ऐकू येतो, तो हिंदीत रुळलेला शब्द. बोलताना ठीक, छापताना मी टाळेन. ग्रीकमध्ये ‘पिस्तिस’ या एकाच शब्दात विश्वास आणि इमानदारी दोन्ही मावतात. मराठी भाषांतरकारांना दर वेळी निवड करावी लागली : इब्रीकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तोच शब्द ‘विश्वास’ झाला, गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांच्या यादीत ‘विश्वासूपणा’. हिब्रूतही नातं असंच आहे. विश्वासूपणासाठीचा ‘एमुना’ आणि प्रार्थनेच्या शेवटचा ‘आमेन’ एकाच धातूतून निघाले, आणि त्या धातूचा अर्थ पक्कं, टिकाऊ असणं. त्यामुळे ‘विश्वासात स्थिर’ ही जोडी मुळापासूनच जुळलेली आहे.

राहिला ‘अढळ’. शब्द देखणा, पण मराठी कानाला त्यात ध्रुवाचं अढळपद ऐकू येतं. तारा हलत नाही, तिथे त्याला कष्ट पडत नाहीत. ‘स्थिर राहणे’, ‘टिकून राहणे’ यांत धडपड दिसते. ‘दृढ’ चालेल, फक्त ‘दृढीकरण’ लिहू नका, ते एका संस्काराचं नाव आहे. ‘कट्टर’ तर नकोच; त्यात दुसऱ्याविषयीचा राग डोकावतो.

मुद्रितशोधकाला द्यायचंच असेल तर एक काम द्या : बाकी स्मरणिकेत ‘मंडळी’ला कुठे कुठे चुकून अनुस्वार लागलाय ते शोधायला सांगा.